सोपा घटस्फोट नको असल्याबाबत

प्रति,
माननीय नोंदणी अधिकारी,
नागरी नोंदणी कार्यालय,
नगरपालिका इमारत, तळमजला,
सांता रीता दे लास हिगेरास, मेक्सिको.

अर्जदार: श्रीमती ग्रिसेल्दा तेय्येस ओनोफ्रे, वय ४३, धंदा दुकानांच्या पाट्या व भिंती रंगविणे, राहणार बाजारामागील गल्ली, याच गावी.

विषय: संयुक्त घटस्फोट-अर्जातील कलम ७, "उभयतांना अल्पवयीन अपत्य नाही", हे खोटे असल्याने खोडण्याबाबत, व सदर घटस्फोट सोप्या पद्धतीने न देण्याबाबत.

संदर्भ: १) संयुक्त अर्ज क्र. ३१७, दि. २७ सप्टेंबर २०२४, खिडकी क्र. ३.
२) आपल्याच कार्यालयातील जन्मनोंद, हासिंता तेय्येस पुलिदो, मार्च २०१४.
३) खिडकी क्र. ३ व ५ येथे मिळालेली तोंडी उत्तरे. त्यांना जावक क्रमांक नाही, म्हणून तारखा मजकुरात दिल्या आहेत.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व तिची पत्नी श्रीमती एरेंदिरा पुलिदो सार्को, परिचारिका, यांचा विवाह सन २०१७ मध्ये आपल्याच कार्यालयात झाला. साडेसहा वर्षे संसार बरा चालला. पुढे तो बरा चालेना. कारणे सांगण्याची कायद्याने गरज नाही असे खिडकीवर सांगण्यात आल्यामुळे ती येथे दिलेली नाहीत. एरेंदिरा फेब्रुवारीपासून औषधाच्या दुकानावरील दोन खोल्यांत राहते. तिला तिहुआना येथील रुग्णालयात नोकरी मिळाली असून डिसेंबरात ती तिकडे जाणार आहे. ते शहर इथून बसने दोन दिवसांवर आहे. घटस्फोट दोघींनाही हवा आहे आणि त्याबाबत अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. कार्यालयाच्या कामाला उशीर झाला अशी तक्रार घेऊन लोक येतात. अर्जदाराची तक्रार अशी की, हे काम फार झटपट होऊ घातले आहे.

२. आपल्या कार्यालयात ज्या जोडप्याला लहान मूल नाही त्याला न्यायाधीशासमोर जावे लागत नाही. दोघांनी मिळून अर्ज द्यायचा, पंधरा कामकाजी दिवसांनी पुन्हा येऊन तोच खरा असल्याचे सांगून दुसरी सही करायची, की सुटका. त्याप्रमाणे दोघी दि. २७ सप्टेंबर रोजी खिडकी क्र. ३ वर हजर राहिल्या. तीन महिन्यांच्या आतले जन्मदाखले आणले होते. छायाचित्रे आणली होती. नियमाप्रमाणे पत्नी गरोदर नसल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. येथे पत्नी दोन असल्यामुळे दाखलेही दोन मागण्यात आले व दोघींनी ते दिले. जे मूल पोटात नाही त्याचे दोन दाखले कार्यालयाने शिक्का मारून घेतले. जे मूल त्या क्षणी खिडकीसमोरच्या बाकावर बसून पेरू खात होते, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता, शिक्षकांच्या बैठकीमुळे शाळेला सुट्टी होती, म्हणून हासिंताला बरोबर आणावे लागले होते.

३. अर्ज खिडकीवरील लिपिक कासिल्दाबाई, ज्यांना सारे आदराने दोन्या कासिल्दा म्हणतात, यांनी यंत्रावर भरला आणि "इथे सही, इथे सही, आणि इथे पूर्ण नाव" असे बोटाने दाखविले. अर्जदाराने बोट पाहिले, मजकूर पाहिला नाही. हिचा धंदाच अक्षरांचा आहे. 'मासळी' शब्दातला काना अर्ध्या बोटाने हलला तरी ही शिडीवरून उतरून भिंत पुन्हा पांढरी करते. पण त्या दिवशी शेजारी उभी राहून एरेंदिरा रुमालाने नाक पुसत होती, आणि अर्जदाराला वाटले, आता हे लवकर संपू दे. म्हणून सही झाली. ही चूक अर्जदाराची आहे व ती मान्य आहे.

४. पोच पावतीसोबत मिळालेली प्रत हासिंताने हातात घेतली. समोर दिसेल ते मोठ्याने वाचायची या मुलीला लहानपणापासून खोड आहे. तीन वर्षांची असताना ती रंगाच्या डब्यांवर बसून अर्जदाराबरोबर गल्लीतल्या पाट्या वाचत असे. कार्यालयाबाहेर तोर्ताच्या, म्हणजे भरल्या पावाच्या, गाड्यावर तिघी उभ्या असताना ती कलम एकपासून वाचू लागली. सातव्या कलमापाशी थांबली. ते तिने मनातल्या मनात आणखी एकदा वाचले असावे. मग म्हणाली, "आई, हे त्यांच्याकडून राहिलंय. मी सांगून येते." ती दोघींनाही आईच म्हणते, कुणाला म्हटले ते आवाजावरून कळते. त्या वेळी मात्र कळले नाही.

दोघींपैकी कुणी काही बोलायच्या आत मुलगी रस्ता ओलांडून आत गेली आणि खिडकीशी टाचा उंच करून उभी राहिली. दोन्या कासिल्दा यांचे म्हणणे पडले, "बाळ, खिडकी बंद झाली. सोमवारी ये, आणि जन्मदाखला घेऊन ये, तीन महिन्यांच्या आतला." मुलगी परत आली आणि तिने तोर्ता अर्धीच टाकली. दोन्या कासिल्दा यांचा यात काही दोष नाही. नियमच तसा आहे आणि त्यांनी तो प्रेमाने सांगितला.

५. या ठिकाणी अर्जदाराला एक कबुली द्यायची आहे. हा अर्ज लिहून देणाऱ्या अर्जलेखकाने हा परिच्छेद गाळावा असा सल्ला दोनदा दिला. खोट्या नोंदीची शिक्षा काय होते हेही त्याने अंदाजे सांगितले. अर्जदाराने ऐकले नाही. "लिहा," म्हणाली, "नाहीतर पुढच्या टेबलावर जाते." म्हणून लिहीत आहे.

सन २०१४ मध्ये या गावात दोन बायकांच्या नावे मूल नोंदवून घेण्याची सोय नव्हती. अशी सोय पुढे कधी होईल असेही तेव्हा कुणाला वाटत नव्हते. हासिंता एरेंदिराच्या पोटी जन्मली, आणि ती व्हावी हे दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ठरविले होते. बाप म्हणून कुणी माणूस नव्हता. राजधानीतला एक दवाखाना होता. पण बापाचा रकाना रिकामा राहिला की बापाचे एक व आईचे एक असे न होता मुलीला आईचीच दोन आडनावे लागणार, आणि अर्जदाराचे आडनाव कुठेच येणार नाही, हे अर्जदाराला सहन होईना. तेव्हा तिनेच युक्ती काढली. तिचा धाकटा भाऊ फिदेन्सियो तेय्येस ओनोफ्रे, फळांचा ट्रक चालवतो, त्याला इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात आणले. त्याने 'मी बाप' म्हणून सही केली. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तत्कालीन लिपिकाने त्याचे अभिनंदन केले व त्याला कसे वाटते असे विचारले. तो म्हणाला, "उकडतंय."

मुलीला तेय्येस आडनाव मिळाले. दोघी त्या दिवशी फार खूश होत्या. आपण स्वतःच्या हाताने काय करून ठेवले हे अर्जदाराला दहा वर्षांनी कळले. कागदावर ती या मुलीची आत्या आहे.

६. दि. ३० सप्टेंबर, सोमवार. अर्जदार ताजा जन्मदाखला घेऊन खिडकी क्र. ३ वर गेली. दोन्या कासिल्दा यांनी दाखला पाहिला, विवाहनोंद पाहिली, पुन्हा दाखला पाहिला. आई: एरेंदिरा. बाप: अर्जदाराचा भाऊ. मग त्यांनी चष्मा काढला, खिडकीच्या फटीतून हात घालून अर्जदाराचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं बाई गं. म्हणून सोडतेयस होय तिला? सख्ख्या भावाबरोबर! आणि तू मेली दहा वर्षं गप्प?" मागे रांगेत चौदा माणसे होती. त्यांपैकी निदान सहाजणांनी अर्जदाराकडून पाट्या रंगवून घेतलेल्या आहेत. त्या दिवसापासून गावात जे काही बोलले जात आहे त्याची दखल कार्यालयाने घ्यावी असे अर्जदाराचे म्हणणे नाही, परंतु फिदेन्सियोची बायको त्याच्याशी चार दिवस बोलली नाही हे नमूद करावेसे वाटते. तिला सगळे आधीपासून माहीत आहे, तरी बोलली नाही. लोकांनी इतक्या खात्रीने सांगितले की तिचीच खात्री डळमळली.

७. अर्जदाराने खरा प्रकार सांगितल्यावर दोन्या कासिल्दा यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले व हे आपण ऐकलेले नाही असे सांगितले. बाप नसल्याचे बापानेच येऊन सांगावे असा सल्ला मात्र दिला. सबब दि. ३ ऑक्टोबर रोजी फिदेन्सियो पेरूंनी भरलेला ट्रक दारात चालू ठेवून आत आला आणि मी बाप नाही असे म्हणाला. त्याला कळविण्यात आले की, एकदा पत्करलेले बापपण कार्यालयात परत घेता येत नाही. न्यायाधीशाकडे जावे लागते, आणि न्यायाधीश आधी विचारतील की मुलीचे यात भले काय. "तुम्ही मुलीला शेवटचं कधी भेटलात?" असे त्याला विचारण्यात आले. फिदेन्सियो खोटे बोलण्याच्या कामाचा माणूस नाही. एकदाच बोलला, तेही बहिणीसाठी. त्याने सांगून टाकले, "रविवारी. सायकलची साखळी बसवून दिली." त्यावर दोन्या कासिल्दा म्हणाल्या, "मग? अजून काय असतो बाप?"

फिदेन्सियो ट्रकवर परत गेला.

८. दि. ७ ऑक्टोबर रोजी खिडकी क्र. ५ येथे चौकशी केली असता पुढीलप्रमाणे सांगण्यात आले. अर्जदाराला आई व्हायचे असल्यास तिने मुलगी दत्तक घ्यावी. पत्नीची मुलगी दत्तक घ्यायची तर लग्न टिकलेले पाहिजे; अर्ज क्र. ३१७ चालू असताना ते टिकलेले धरता येत नाही. अर्ज मागे घेतल्यास लग्न टिकेल, परंतु मुलीचा बाप हयात असून दर रविवारी भेटतो, म्हणून दत्तक होणार नाही. बाप नाहीसा करायचा तर वरील परिच्छेद ७ पाहावा. आणि बाप नाहीसा झाला की मुलीचे तेय्येस आडनावही जाईल, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला. मग काय करावे असे विचारता उत्तर मिळाले, "बाई, तुम्ही सहीच करू नका ना! कोण धरून आणतंय तुम्हाला?"

हे अर्जदारालाही सुचले होते. पंधरा कामकाजी दिवस भरतात त्या अठरा तारखेला गेले नाही की अर्ज आपोआप पडतो. पण मग एरेंदिरा न्यायालयात एकटीच अर्ज करील, तिला तो अधिकार आहे. आणि तिथे पहिला कागद म्हणून हीच प्रत लागेल, तिच्यावर अर्जदाराच्या हातची सही असेल आणि सहीच्या वर छापलेले असेल की हिला मूल नाही. न्यायाधीश भला माणूस असला तरी तो समोरचे वाचणार. आत्याला मुलीच्या भेटीचे वार कुणी लावून देत नाही. शाळेच्या फाटकाशी आत्याला मुलगी सोपवत नाहीत. मुलगी तिहुआनाला तापाने पडली तर आत्याला कुणी कळवायचे कारण नाही. गेल्या पंधरवड्यात अर्जदाराने केलेल्या चार पाट्यांपैकी दोन चुकल्या. एकीवर तिने न्हाव्याच्या दुकानाला खानावळ केले. अर्जदाराला भीती वाटते, आणि ती सरकारी भाषेत कशी लिहायची हे अर्जलेखकालाही ठाऊक नसल्यामुळे तशीच लिहिली आहे.

९. प्रतिपक्षाबाबत. श्रीमती एरेंदिरा पुलिदो सार्को ही वाईट बाई नाही, असे लिहावे असे अर्जदाराने सांगितले. मग ते खोडावे असे सांगितले. मग पुन्हा लिहावे असे सांगितले. गेल्या बुधवारी अर्जदार औषधाच्या दुकानावर जाऊन तिला भेटली. एरेंदिराचे शब्द असे: "ग्रिस, तू कागदाचं काय घेऊन बसलीयस? मी काय पोरीला पळवून नेतेय? नाताळात आणीन, उन्हाळ्यात आणीन. आपल्या दोघींत कागद कशाला गं?" अर्जदार म्हणाली, "आपल्या दोघींत कागद कधी लागणार नाही असं वाटलं म्हणूनच फिदेन्सियोला शर्ट घातला होता ना?" त्यावर एरेंदिरा म्हणाली, "ती अक्कल तुझी होती." हे खरे आहे. पुढे ती असेही म्हणाली, "न्यायालयात गेलं की वर्ष जाईल. माझी नोकरी डिसेंबरात आहे. बायका-बायकांचा खटला म्हणून सगळी कचेरी बघायला जमेल, आणि पोरीला मधे उभी करून विचारतील तुला कोण हवी. ते चालेल तुला?" अर्जदाराला ते चालणार नाही. ती जिना उतरली. जिन्यात हासिंताचे बूट होते. ते तिने जोडीने नीट लावून ठेवले.

एरेंदिरा दिलेला शब्द पाळील असे अर्जदाराला आजही वाटते. उद्या तिच्या आयुष्यात दुसरे कुणी आले, त्या व्यक्तीला ही आत्या नको झाली, मुलगी तेरा वर्षांची झाली, फोन उचलेना झाली, तरीही पाळील काय, हे अर्जदाराला ठाऊक नाही, आणि एरेंदिरालाही ठाऊक नसावे. शब्द पाळला गेला नाही तर दाखवायला अर्जदाराजवळ काय आहे? रंगाचे डबे आहेत आणि दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या दहा खुणा आहेत. त्यांना शिक्का नाही.

१०. हासिंताबाबत. तिने त्या शुक्रवारनंतर हा विषय काढलेला नाही. फक्त गेल्या मंगळवारी वर्गात कुटुंबाचा तक्ता करून न्यायचा होता, तो तिने कोरा दिला आणि बाईंना सांगितले, "माझे कागद अजून झाले नाहीत." शाळेने दोघींना बोलावून घेतले. दोघी शेजारी शेजारी लहान खुर्च्यांवर बसल्या आणि दोघींनीही माना खाली घातल्या. आपल्या कार्यालयाने कुणाचे वाईट चिंतिलेले नाही हे अर्जदार जाणून आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलीला आपण राहून गेलेली बाब आहोत असे वाटू लागले आहे, आणि ही बाब खिडकी क्र. ३ वरच दुरुस्त होण्यासारखी आहे.

११. सबब, वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत ही विनंती:

(अ) अर्ज क्र. ३१७ मधील कलम ७ वर आडवी रेघ मारून समासात "अर्जदारास एक मुलगी आहे" असे लिहावे व त्यावर तारीख घालावी. अर्जदार ते सुवाच्य अक्षरात स्वतः लिहून द्यायला तयार आहे.

(आ) सदर घटस्फोट सोप्या पद्धतीने देण्यास नकार द्यावा व प्रकरण कौटुंबिक न्यायाधीशांकडे, मूल असलेल्या जोडप्यांना जसे पाठवितात तसे, वेळ, त्रास व हेलपाटे यांसह पाठवावे.

(इ) सोबत या अर्जाची प्रत जोडावी, म्हणजे न्यायाधीशांना परिच्छेद ५ मधील खोटी नोंद अर्जदाराने स्वतःहून सांगितल्याचे कळेल. तिची जी शिक्षा असेल ती अर्जदार भोगील. फिदेन्सियोला होऊ नये. तो सांगितले म्हणून आला होता.

(ई) हे काही करणे नियमात बसत नसल्यास, ते कोणत्या नियमात बसत नाही हे लेखी द्यावे. तोंडी नको.

अठरा तारखेला सकाळी नऊ वाजता अर्जदार हजर राहील. विचारल्यावर खरे सांगील. त्या दिवशी तरी खिडकीतून तिला पुन्हा विचारले जावे, एवढ्याच आशेवर.

आपली, कार्यालयाला त्रास देणारी,
(सही) ग्रिसेल्दा तेय्येस ओनोफ्रे
सांता रीता दे लास हिगेरास, दि. १४ ऑक्टोबर २०२४

लिहिणार: कान्दिदो बार्रागान, कमानीखालचे टेबल क्र. ४. मजकूर अर्जदारास वाचून दाखविला. मधल्या दोन ठिकाणी ती ऐकू शकली नाही. ती ठिकाणे नंतर वाचली.

सोबत: १) विवाहनोंदीची प्रत. २) जन्मदाखला, तीन महिन्यांच्या आतला. ३) गरोदर नसल्याचा दाखला, अर्जदाराचा (नवा; या वेळी कार्यालयाने मागितलेला नाही, पण मागेल म्हणून). ४) शाळेचा कोरा तक्ता, एक.

प्रत माहितीसाठी: श्रीमती एरेंदिरा पुलिदो सार्को, औषधाच्या दुकानावर.

दि. १५ ऑक्टोबर २०२४. प्रत मिळाल्यावर श्रीमती पुलिदो स्वतः टेबल क्र. ४ वर आल्या व खालील मजकूर मूळ अर्जाखाली टंकून देण्यास सांगितले. अर्ज अजून सादर झाला नव्हता.

मी एरेंदिरा पुलिदो सार्को. वरचे सगळे वाचले. नाक पुसत होते ते सर्दीने. परिच्छेद ९ मध्ये माझे अर्धेच बोलणे आले आहे, पण जे आले ते मी बोलले. युक्ती ग्रिसेल्दाची होती हे खरे; त्या दिवशी फिदेन्सियोच्या शर्टाला इस्त्री मी केली होती, ते तिने लिहिलेले नाही. तेव्हा शिक्षा असेल तर दोघींना असावी. कलम ७ मी सही करण्यापूर्वी वाचले होते. तिने वाचले नाही, मी वाचले होते, आणि गप्प राहून सही केली, कारण त्यात माझी सोय होती. माझी सही खोडावी. डिसेंबरात जायचे की नाही ते न्यायाधीशांनी सांगितल्यावर ठरवीन. घटस्फोट मला हवाच आहे. मुलगी असलेल्या दोघींना देतात तो द्यावा.

(सही) एरेंदिरा पुलिदो सार्को